वीज जायच्या आधी प्लग आपणच ओढायचा

माशांची चार फुटी टाकी घ्यायची ठरली तेव्हा घरातून एकच अट आली, आणि ती सासूबाईंची होती. "मासे आण, दगड आण, काय हवं ते आण. पण खालच्यांच्या छतातून पाणी गळालं, तर मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला कोणत्या तोंडाने जाऊ?" खालच्यांनी नुकतंच हॉलला पीओपी करून घेतलं होतं. त्यामुळे अट अगदीच हवेतली नव्हती.

माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. माझा मावसभाऊ ठाण्याला राहतो. त्याच्याकडे वीज सहसा जात नाही, त्यामुळे त्याच्या टाकीला तोवर तशी वेळच आली नव्हती. त्या दिवशी टाकीखालच्या कपाटातून पाणी बाहेर यायला लागलं आणि ऑफिसची मीटिंगही बंद, पंपही बंद अशा अवस्थेत तो फडकी पिळत बसला. इकडे पिंपरी-चिंचवडला आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि एप्रिल-मेमध्ये वळीव आला की गुरुवारची वाटही बघत नाही. म्हणजे त्याला जे वर्षानुवर्षांत एकदा झालं, ते आमच्याकडे आठवड्याच्या हिशेबात येणार होतं.

सम्प ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर मुख्य टाकी, खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, तोच सम्प. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा खण असतो. त्याच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी त्या दात्यांमधून खणात पडतं, पाइपने खाली सम्पात येतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून फिरून शेवटच्या कप्प्यात पोचतं, आणि तिथला पंप ते पुन्हा वर ढकलतो. पंप चालू आहे तोवर वर जेवढं चढतं तेवढंच खाली उतरतं. पंप थांबला की चढणं बंद होतं, उतरणं मात्र लगेच बंद होत नाही.

उतरायला दोन वाटा असतात. पहिली वाट दात्यांची: दात्यांच्या तळापेक्षा वर जेवढं पाणी उभं आहे तेवढं खाली येतं आणि थांबतं. दुसरी वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे पंपाचाच पाइप. त्या पाइपाचं वरचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर पंप थांबल्याबरोबर तोच पाइप सायफन होतो आणि टाकीतलं पाणी उलट्या दिशेने, पंपातून, सम्पात ओढायला लागतो. तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत तो थांबत नाही. तोंड जितकं खोल, तितकं जास्त पाणी खाली.

टाकी आम्ही ओळखीच्या काचवाल्याकडून करून घेतली. ४८ इंच लांब, १८ रुंद, २४ उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ३४० लिटर. सम्प ३६ बाय १५ बाय १६ इंचाचा. काम स्वच्छ होतं, सिलिकॉनची रेघ एकसारखी, कडा घासलेल्या. पंपाच्या पाइपाचं तोंड मात्र त्याने पाण्यात बरंच खाली नेलं होतं. मला मालावी सिक्लिड ठेवायचे होते, हे मासे घाण भरपूर करतात, आणि तळाशी प्रवाह असला की घाण दगडांमागे साचत नाही, म्हणून. विचार चुकीचा नव्हता. वीज गेल्यावर काय, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, एनआरव्ही टाकलाय ना! पाणी उलटं येतच नाही. बिनधास्त राहा."

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आत एक झडप असते, पाणी वर जाताना उघडते, उलट यायला लागलं की मिटते. नवा असताना अगदी चोख काम करतो. पण टाकीच्या पाण्यात शेवाळ असतं, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी असतात, मालावीचं पाणी जड ठेवावं लागतं म्हणून क्षाराचा थरही बसतो. झडपेच्या फटीत एक शंख अडकला की ती मिटल्यासारखी दिसते, पण मिटत नाही. मावसभावाच्या पाइपावरही एनआरव्ही होताच. नंतर उघडून पाहिला तर झडप अर्धवट उघडी, तिच्या सांध्यावर हिरवट लगदा.

म्हणून मासे आणण्याआधी, टाकीत फक्त नळाचं पाणी असतानाच, मी एक हिशेब मांडला. तो सहावीच्या गणितापलीकडचा नाही. टाकीची आतली लांबी ११९ सेंटीमीटर, रुंदी ४३. गुणाकार केला तर पाणी एक सेंटीमीटर उतरलं की साधारण ५.१ लिटर खाली जातं. पंप चालू असताना पाणी दात्यांच्या तळापेक्षा दोन सेंटीमीटर वर असतं, म्हणजे दात्यांवाटे दहा लिटर. पाइपांत उभं असलेलं पाणी धरलं तर आणखी एखादा लिटर. इथपर्यंत काळजी नाही. पण पंपाच्या पाइपाचं तोंड पृष्ठभागापासून १५ सेंटीमीटर खाली होतं. एनआरव्ही नाहीच असं धरलं तर १५ गुणिले ५.१, म्हणजे ७६ लिटरच्या वर.

आता सम्पात जागा किती? आतलं माप ९० बाय ३६.५, म्हणजे एका सेंटीमीटरला ३.३ लिटर. आतली उंची ४० सेंटीमीटर, आणि पंप चालू असताना गाळणीच्या कप्प्यांत पाणी २६ वर. वरची १४ सेंटीमीटर मोकळी, म्हणजे ४६ लिटर. पंपाच्या कप्प्यात पातळी थोडी कमी, २२ वर असते, तिथले साडेतीन लिटर मिळवले तरी काठापर्यंत पन्नासच्या आत. उरलेलं २७ लिटर पाणी, दीड बादली, सासूबाईंच्या हळदीकुंकवाच्या दिशेने जाणार होतं.

कागदावर कळलं तरी डोळ्यांनी बघायचं होतं. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पिळून उघडता येणारे जोड, होत्या (हे मात्र काचवाल्याने फार छान केलं होतं, पाइप न कापता तो काढता येतो). मी तो उघडून आतली झडपच काढून ठेवली आणि रिकामं कवच परत बसवलं. म्हणजे पुढेमागे तो अडकल्यावर जे होईल ते आजच होऊ दे. नवऱ्याला स्विचपाशी उभं केलं, मी जमिनीवर बसले, सम्पाच्या काचेला शिंप्याची टेप चिकटवलेली. "काढ."

आधी वरचा धबधब्याचा आवाज थांबला. मग खणातून थोडा वेळ पाणी येत राहिलं आणि मिनिटाभरात तेही थांबलं. सम्पात पाणी २८ च्या थोडं वर. इथे कुणालाही वाटेल की झालं, संपलं. पण काचेजवळ तोंड नेलं तर पंपाच्या पोटातून पाणी उलटं येताना स्पष्ट दिसत होतं आणि टेपवरचे आकडे सावकाश बुडत होते. ३०. ३२. कप्प्यांमधल्या आडव्या काचा केव्हाच पाण्याखाली गेल्या, सगळा सम्प एकच हौद झाला. ३५. वर टाकीत पाइपाचं तोंड अजून चांगलं खोल होतं. ३७ ला मी ओरडले, त्याने स्विच दाबला, पंपाने पाणी पुन्हा वर ओढायला सुरुवात केली. या प्रकारात घाई कुठेच नसते. आवाज नाही, फवारा नाही. माणूस घरात असूनही, शेजारच्या खोलीत असला तर त्याला कळणार नाही.

दुरुस्तीचं पहिलं काम सरळ होतं: पाइपाचं तोंड वर आणणं. त्याची वरची कड चालू पातळीपासून फक्त तीन सेंटीमीटर खाली ठेवली आणि दिशा जरा वरच्या बाजूला वळवली, म्हणजे पृष्ठभागही हलता राहील. तळाशी प्रवाह हवाच होता, त्यासाठी आत काचेला चिकटणारा छोटा वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा पंखा, लावला. खर्च वाढला, पण तो बंद पडला तर पाण्याचा एक थेंबही जागचा हलत नाही. प्रवाहाचं काम आणि पाणी वर चढवायचं काम एकाच पाइपावर लादलं की पुढची सगळी भानगड सुरू होते, असं माझं मत झालं आहे.

दुसरं काम सायफन तोडण्याच्या भोकाचं. पाइपावर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली साधारण एक सेंटीमीटरवर, दीड सुताचं (साधारण पाच मिलिमीटरचं) भोक पाडलं. पंप चालू असताना त्यातून पाण्याची एक छोटी धार पाण्यातच सुटते, तिचा त्रास नाही. वीज गेली आणि पातळी एवढीशी खाली आली की त्याच भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. भोक पाडताना पाइप टाकीतून काढून बाहेर धरून पाडा. पीव्हीसीचा चुरा पाण्यात पडला की थेट पंपाच्या पंख्यात जातो.

भोक ही गोष्ट मला आवडते, पण तिच्यावर भिस्त ठेवावी असं वाटत नाही. उजेडात, पृष्ठभागाजवळ, सतत वाहत्या पाण्यात असलेलं भोक म्हणजे शेवाळाला राहायला उत्तम जागा. म्हणून पुढची चाचणी भोकावर चिकटपट्टी लावून, आणि एनआरव्हीची झडप अजूनही बाहेरच ठेवून केली. दोन्ही राखणदार झोपलेत असं समजायचं आणि मग प्लग ओढायचा. हिशेब सांगत होता की वरून १६ लिटरच्या आसपास पाणी येईल आणि सम्प ३० वर थांबेल. प्रत्यक्षात ३१ वर थांबला. एक सेंटीमीटर का वाढला याचा शोध घेतला तेव्हा दोन कारणं सापडली. तोंडाची वरची कड उघडी पडल्याबरोबर सायफन तुटत नाही, हवा नीट आत शिरेपर्यंत पाइप आणखी थोडं पाणी गिळतो. शिवाय २६ च्या वर डोकावणाऱ्या सिरॅमिक रिंगांच्या जाळीच्या पिशव्या तेवढी जागा खातात. कागदावर मोजलेली जागा रिकाम्या सम्पाची असते, सामान भरलेल्या सम्पाची नाही.

काठाला अजून नऊ सेंटीमीटर शिल्लक होती. तीस लिटरच्या जवळपास. त्या रात्री सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी टेप पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि हे पाणी परत वर जाताना?"

प्रश्न बरोबर होता. वीज गेल्यावर काय होतं यावर सगळे बोलतात, वीज आल्यावर काय होतं यावर कमी. आमच्या खणातून उतरणारा पाइप एकच आहे, ड्युर्सो पद्धतीचा: खणात उभा, वरून वाकवलेला, टोकाला हवेसाठी छोटं भोक. काचेला भोक पाडून बसवलेला असल्यामुळे तो आपोआप सुरू होतो. पण ज्यांची टाकी भोक न पाडता, बाहेरून अडकवलेल्या खोक्याची आणि यू-आकाराच्या नळीची आहे, त्यांचं दुखणं वेगळं. वीज नसताना त्या नळीत हवा गेली तर वीज आल्यावर ती पाणी ओढत नाही, पंप मात्र वर पाणी चढवत राहतो, आणि मग सम्प नाही तर वरची टाकी सांडते. तसला खोका मी घेतला नाही, आणि कुणी विचारलं तर घेऊ नका असंच सांगते.

वळवाच्या दिवसांत वीज नुसती जात नाही, ती लुकलुकते. येते, जाते, येते. म्हणून प्लग पटापट काढून लावून पाहिला. प्रत्येक वेळी वरच्या टाकीत पाणी क्षणभर नेहमीपेक्षा सेंटीमीटरभर वर चढायचं, उतरता पाइप हवा ओकायचा, मग पातळी बसायची. वरच्या काठापर्यंत साडेचार सेंटीमीटर मोकळे होते, त्यामुळे चाललं.

मग उलटी चाचणी. समजा खणाच्या पाइपाच्या तोंडावर एखादं पान किंवा मेलेला मासा बसला आणि उतरणंच बंद झालं, तर पंप वर किती पाणी चढवू शकेल? त्याच्या कप्प्यात आहे तेवढंच. कप्प्याचं माप २५ बाय ३६.५, पाणी २२ पासून पंपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे ७ पर्यंत उतरणार. पावणेचौदा लिटर. वर पावणेतीन सेंटीमीटर चढणार, आणि जागा साडेचार. पाइपाच्या तोंडावर हात ठेवून पाहिलं. पंप खरखरला, हवा ओढायला लागला, वरची टाकी सांडली नाही. पंपाचा कप्पा मोठा असावा असं सगळे सांगतात, कारण बाष्पीभवनाचं पाणी रोज भरावं लागत नाही. मला तो मुद्दाम लहानच बरा वाटतो. आपोआप पाणी भरणारं यंत्रही याच कारणाने लावलं नाही. उतरता पाइप तुंबलेला असताना ते कप्पा रिकामा समजून वेगळ्या पिंपातलं पाणी ओततच राहिलं, तर हा सगळा हिशेब पाण्यात.

सम्पाच्या काचेवर आता दोन रेघा आहेत. निळी, पंपाच्या कप्प्यापुरती, "चालू असताना इथवरच". लाल, सगळ्या सम्पावर, "बंद असताना इथे येतं, घाबरू नका". लाल रेघेवरचा मजकूर सासऱ्यांच्या हस्ताक्षरात आहे. दुसऱ्याच गुरुवारी मी कामावर असताना त्यांनी वरच्या टाकीत पाणी तीन सेंटीमीटर कमी झालेलं पाहिलं आणि मासे उघडे पडतील म्हणून बादलीभर पाणी ओतलं. क्लोरीन उडावं म्हणून आधीपासून भरून शिळं केलेलं पाणी होतं, मासे ठीक राहिले, आणि शिल्लक ठेवलेल्या जागेत ती बादलीही मावली. म्हणून सांगते, जागा ठेवताना फक्त विजेचा हिशेब करू नका, घरच्यांच्या मायेचाही धरा.

विजेच्या सामानात दोन बदल केले. एक्स्टेंशन बोर्ड काचवाल्याने कपाटाच्या तळाला, सम्पाच्या शेजारी ठेवला होता. तो कपाटाच्या वरच्या बाजूला, सम्पाच्या काठाहून वर नेला. प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, होताच.

इन्व्हर्टरबद्दल सगळ्यात जास्त सल्ले मिळाले. पंप इन्व्हर्टरवर टाका, प्रश्न मिटला. मिटत नाही, पुढे ढकलला जातो. बॅटरी उतरली की तेच पाणी त्याच वाटेने खाली येणार, फक्त रात्री तीन वाजता. शिवाय आमचा जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर पंप गुरगुरतो आणि तापतो. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा छोटा पंप ठेवला आहे, कारण बंद पाण्यात माशांना आधी कमतरता भासते ती ऑक्सिजनची. तो पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वर, फळीवर ठेवला. हे लहानसं वाटतं, पण हवेचा पंप खाली ठेवला आणि थांबला, तर त्याच्या बारीक नळीतूनही पाणी सायफन होऊन जमिनीवर येतं. त्या नळीलाही एक पाच-दहा रुपयांचा एनआरव्ही मिळतो, तो लावलाय. भरवसा मात्र फळीच्या उंचीवर.

एनआरव्हीची झडप शेवटी परत बसवली का? बसवली. असला तर वीज गेल्यावर कमी पाणी हलतं, माशांना तेवढाच कमी त्रास. फिल्टरचा कापूस बदलायच्या दिवशी मी प्लग ओढते, पाणी कुठे थांबतं ते बघते आणि भोकात काडी फिरवते. भोक किंवा झडप, दोन्हींतलं एक जरी नीट असलं तर सम्प २८ च्या आसपास थांबतो, दोन्ही बिघडली असतील तर ३१ ला. हा आकडाच सांगतो राखणदार जागे आहेत की नाही. एकदा भोकात खरोखरच एक छोटी गोगलगाय बसलेली सापडली, अगदी माप घेऊन केल्यासारखी.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वीज परत आली की उतरता पाइप हवा बाहेर टाकताना मोठ्याने गुडगुडतो, आणि वीज परत यायची वेळ बहुतेकदा मध्यरात्रीची असते. दोन पाइपांची पद्धत केली, एक कायम भरून वाहणारा आणि दुसरा फक्त अडीअडचणीला, तर आवाज बराच कमी होतो. पण त्यासाठी काचेला आणखी एक भोक हवं आणि भोकासाठी टाकी पूर्ण रिकामी करायला हवी. मालावींनी दगडांखाली आपापल्या हद्दी पक्क्या केल्या आहेत. सध्या ड्युर्सोच्या टोकाच्या भोकावर हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह बसवून तो थोडाथोडा फिरवून बघते आहे. अर्ध्यावर ठेवला की गुडगुड कमी होते, पण खणातली पातळी वर येते. पूर्ण उघडला की पातळी नीट आणि सासूबाई जाग्या.